शाळा सुटताना पोरं कोण मोजतं?

सायीचंदही | मंगळवार, रात्री १०.४०

नमस्कार. बरेच दिवस इथं नुसतं वाचते, लिहितेय आज पहिल्यांदा. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी मुलगी दुसरीत आहे. गावातलीच जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते चौथी, पट ३१, दोन शिक्षक. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढं वाचाल तेव्हा कळेल.

मागच्या गुरुवारी पाचला शाळा सुटली. वस्तीवरची सहा-सात पोरं रोज घोळक्यानं येतात, त्यात ही नव्हती. सासूबाईंनी साडेपाचला फोन केला. मी दूध संकलन केंद्रावर असते, संध्याकाळच्या धारेची वेळ. काट्यावर कॅन तसाच ठेवून निघाले. पोरांना विचारलं तर एक म्हणतंय ती बाईंबरोबर होती, दुसरं म्हणतंय ती आधीच गेली. विहीर बघितली, ओढा बघितला. काय काय डोक्यात आलं ते लिहीत नाही.

सव्वासहाला शाळेमागनं मेंढरं घेऊन जाणाऱ्या एका माणसाला आतून रडण्याचा आवाज आला. पोटात दुखतंय म्हणून ही कोपऱ्यातल्या खोलीत तांदळाच्या पोत्यांना टेकून बसली होती, तिथंच झोप लागली. बाहेरून कडी आणि कुलूप. सर तालुक्याला राहतात, बावीस किलोमीटर. शेवटी खिचडी शिजवणाऱ्या मावशींकडं दुसरी किल्ली निघाली. सातला दार उघडलं. पोरीचा आवाज बसला होता आणि फ्रॉक ओला.

तिला कुणी हात लावलेला नाही, काही वाईट झालेलं नाही. हे आधीच लिहिते, कारण गावात दुसऱ्याच गोष्टी सुरू झाल्यात.

दुसऱ्या दिवशी विचारायला गेले. सर म्हणाले, "ताई, सापडली ना? देवाची कृपा म्हणा." केंद्रप्रमुख म्हणाले, "लेखी नका देऊ, शाळेचं नाव खराब होतं." सरपंचांनी तर मलाच घेतलं फैलावर. पट ३१ आहे, अजून दहा पोरं तालुक्याच्या इंग्लिश शाळेत गेली आणि शाळा बंद पडली तर वस्तीवरच्या पोरींनी कुठं जायचं? म्हणजे पोरगी माझी कोंडली गेली आणि शाळा बुडवणारी पण मीच.

आमच्याकडं दूध येताना मोजतात, टँकर निघताना परत मोजतात. दोन आकडे जुळले नाहीत तर टँकर जागचा हलत नाही. शाळेत सकाळी हजेरी होते. दुपारी किती ताटं वाढली तो आकडा मोबाईलवरून वर जातो. आणि पाचला नुसती घंटा. घरी किती गेली, हा आकडा कुठल्याच वहीत नाही. तांदळाचा हिशोब आहे, खाणाऱ्यांचा नाही.

सर वाईट नाहीत. शिकवतात चांगलं. त्यांची नोकरी घालवायची नाहीये मला. पण ही चूक कुणाची, हे कुणीतरी तोंडानं म्हणेल का? आणि तक्रार नक्की कुणाकडं करायची?

---

कोकणकडा | मंगळवार, रात्री ११.०५

वाचून पोटात गोळा आला. मुलगी कशी आहे आता? झोपते का नीट?

---

सायीचंदही | मंगळवार, रात्री ११.१२

दार लोटलं की ओरडते. संडासालासुद्धा दार उघडं ठेवून बसते. बाकी खातेपिते.

---

बुलेटराजा | मंगळवार, रात्री ११.३०

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. सरकारी शाळेत घालायचंच कशाला? पैसे लागले तरी चालतील, पोर महत्त्वाचं. आणि सीसीटीव्ही सक्तीचे करा, सगळे प्रश्न मिटतील.

---

वकिलीणबाई | बुधवार, सकाळी ८.१५

बुलेटराजा, बदलापूरला ज्या शाळेत दोन चिमुकल्यांवर लैंगिक अत्याचार झाले, ती शाळा खासगी होती. ऑगस्ट २०२४. तिथे आईवडलांना गुन्हा नोंदवून घेण्यासाठी पोलीस ठाण्यात तासन् तास ताटकळावं लागलं. २० ऑगस्टला लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले आणि मगच सगळ्यांना जाग आली. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. फी भरली की जबाबदारी विकत मिळते, हा भ्रम आहे.

कॅमेऱ्यांचं म्हणाल तर त्या प्रकरणानंतर लगेच शासन निर्णय निघाला. पण कॅमेरा पाहणारा माणूस लागतो. या मुलीच्या बाबतीत कॅमेऱ्याने फार तर ती खोलीत जाताना टिपली असती. पाच वाजता ते चित्रण कोण बघणार होतं?

सायीचंदही, आता तुमचं.

पहिली गोष्ट, लेखी द्या. तोंडी तक्रार ही कुणाच्याच टेबलावर नसते. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम ३२ बघा. मुलाच्या हक्काबाबत कुठलीही तक्रार असेल तर ती स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी करता येते. तुमच्या बाबतीत प्राधिकरण म्हणजे पंचायत राज व्यवस्था. अर्ज गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे करा, प्रती शिक्षणाधिकारी (प्राथमिक) आणि जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी यांना. दोन्ही बाजूंचं ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा, असं कायद्यातच आहे. निर्णय पटला नाही तर राज्य बाल हक्क आयोगाकडे अपील. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून उठायचं नाही.

दुसरी, शाळा व्यवस्थापन समिती. याच कायद्याचं कलम २१. तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या बायका. शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणं हे समितीचं कायद्याने दिलेलं काम आहे, सरांनी केलेली मेहेरबानी नाही. बैठक दर महिन्याला. इतिवृत्ताची वही मागा. दाखवली नाही तर माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मिळते, तीस दिवसांत.

तिसरी, १० मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती हवी, म्हणजे मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीची समिती. ती आहे का, फलकावर नावं आहेत का, एवढं पाहून या.

गावात ज्या "दुसऱ्या गोष्टी" चालल्यात त्याबद्दल एक. मुलीला पुन्हा पुन्हा कुणी विचारायला बसू देऊ नका, अगदी घरातल्या माणसांनाही. पुढे कधी तिने स्वतःहून काही वेगळं सांगितलं, तर मात्र शाळेच्या अब्रूचा विचार करायचा नाही. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची माहिती दडवणं हाच पॉक्सो कायद्याखाली गुन्हा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल दडवलं तर एक वर्षापर्यंत कैद. चाइल्डलाइन १०९८ लक्षात ठेवा.

---

खडूफळा | बुधवार, दुपारी १.५०

मी स्वतः जिल्हा परिषदेचा शिक्षक, एकोणीस वर्षं. धागा सकाळी वाचला आणि जेवणाच्या सुट्टीत आधी आमच्या सगळ्या खोल्या फिरून आलो. खोटं कशाला बोलू.

पट साठपर्यंत असेल तर दोन शिक्षक, हे निकषाप्रमाणेच आहे. म्हणजे एक जण प्रशिक्षणाला, केंद्राच्या बैठकीला किंवा बीएलओच्या (मतदारयादीच्या) कामाला गेला की उरलेला एक माणूस आणि चार वर्ग. शिपाई नाही. घंटा आम्हीच देतो, कुलपं आम्हीच लावतो, नळाला पाणी आलं तर टाकीही आम्हीच भरतो. साडेचार झाले की एका हातात मोबाईल असतो, कारण कुठल्या तरी लिंकवर माहिती "आजच, तात्काळ" भरायची असते. वरच्या कार्यालयातून फोन येतो तो माहिती भरली का म्हणून. पोरं घरी पोचली का, असा फोन एकोणीस वर्षांत एकदाही आलेला नाही.

हे सगळं खरं आहे. पण तरीही, कुलूप लावताना आत बघायला वेगळा कर्मचारी लागत नाही. मान वळवावी लागते. तुमच्या सरांनी ती वळवली नाही.

आणि "चुकलो" का म्हणत नाहीत, तेही सांगतो. चूक कबूल केली की तो कागद होतो, कागद झाला की खुलासा, मग निलंबन. वरचा प्रत्येक साहेब खालच्या माणसाचं नाव लिहून मोकळा होतो. त्यामुळे आमच्यात अलिखित नियमच आहे, काही झालं तरी "पोरगं सुखरूप आहे" एवढंच बोलायचं.

---

थेम्सकाठी | बुधवार, दुपारी ३.२०

इथे इंग्लंडमध्ये प्रत्येक शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी एक ठरलेली जबाबदार व्यक्ती असते, नाव फलकावर असतं. माझ्या मुलाच्या शाळेत लहान मुलांना ओळखीच्या माणसाच्याच हाती सोपवतात. दुसऱ्या कुणाला पाठवायचं तर आधी कळवावं लागतं. आपल्याकडे का जमू नये?

---

खडूफळा | बुधवार, दुपारी ३.४१

जमेल की. फक्त आमचे पालक पाच वाजता ऊस तोडत असतात नाहीतर धार काढत असतात. पोरं घोळक्याने जातात तीच आमची व्यवस्था. तेव्हा घोळका मोजायचा.

---

जुनाकाटकोन | बुधवार, रात्री ९.३०

जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागातून निवृत्त झालो. या धाग्यात एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटलेली दिसते, म्हणून लिहितो.

ताई, ती "कोपऱ्यातली खोली" वर्गखोली आहे ना? मग तिथे वर्ग का भरत नाही? तांदूळ का ठेवलाय?

माझा अंदाज सांगतो. ती खोली निर्लेखनाला गेलेली असणार. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: शाळेची खोली मोडकळीस आली की मुख्याध्यापक प्रस्ताव देतात, उपअभियंता पाहणी करून दाखला देतो, कागद पंचायत समितीतून जिल्हा परिषदेत जातो, तिथे मंजुरी मिळाली की मग ती पाडायची. पाडल्याशिवाय त्या जागी नवी बांधता येत नाही. प्रस्ताव आणि पाडणं यांच्यामध्ये खोली दोन-दोन, चार-चार वर्षं तशीच उभी असते. कागदोपत्री ती वापरात नसते. प्रत्यक्षात तिथे तांदूळ असतो, मोडके बाक असतात, आणि पावसात वर्गाला गळती लागली की पोरंही असतात.

मी स्वतः असे दाखले दिलेत. खोलीवर लाल रंगात "धोकादायक" लिहायला लावायचं आणि पुढच्या गावाला जायचं. माझं काम संपलं. पाडण्याचा खर्च कुणी करायचा यावर ग्रामपंचायत आणि आमचा विभाग पत्रं खेळत बसायचे. त्या पत्रांवर माझ्याही सह्या आहेत.

२८ ऑगस्ट २०१७ ला नगर जिल्ह्यात निंबोडीच्या जिल्हा परिषद शाळेचं छत पावसात कोसळलं आणि तीन मुलं गेली. तेव्हा मी नोकरीत होतो. आठवडाभर आमच्या कार्यालयात रात्री बारापर्यंत दिवे. सगळ्या धोकादायक खोल्यांच्या याद्या काढल्या. आणि गंमत अशी (गंमत कसली म्हणा), याद्या आधीपासून होत्याच. फक्त पुन्हा टंकल्या. पुढे जुलै २०२५ मध्ये राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदी गावात तेच, सात मुलं. शिक्षक निलंबित झाले. छत शिक्षकांनी बांधलेलं नसतं, पण निलंबित करायला सगळ्यात जवळ तेच सापडतात.

तेव्हा, ताई, मोजणीचा प्रश्न विचाराच. पण त्याआधी ती खोली बघून या. भिंतीवर काही लिहिलंय का?

---

सायीचंदही | गुरुवार, संध्याकाळी ६.५५

काका, लिहिलंय. आज जाऊन बघितलं. "धोकादायक" मधला "धो" तेवढा पुसलाय, वर पोरांनी खडूनं फुलं काढलीत. आत छताची सळई दिसते. माझी पोरगी तिच्याखाली दोन तास होती.

मावशींना विचारलं, तर तांदूळ तिथंच कारण दुसरीकडं उंदीर. किल्ली त्यांच्याकडं कारण सकाळी सर यायच्या आधी तांदूळ काढावा लागतो.

आता पोटात राग आहे, पण तो नक्की कुणावर काढायचा हेच कळेना. सर, मावशी, इंजिनिअर, सरपंच, सगळ्यांचं आपापलं बरोबर आहे.

---

बुलेटराजा | गुरुवार, रात्री ८.१०

शब्द मागे घेतो, ताई. खासगीचं बोललो ते. माझ्या पुतण्याची शाळा चकाचक आहे, पण व्हॅनमध्ये पोरं कोंबतात आणि ड्रायव्हर रोज वेगळा. कोण विचारतो.

---

अंगतपंगत | गुरुवार, रात्री ९.००

अवांतर वाटेल, पण पोषण आहाराचं बघा. १६ जुलै २०१३, बिहारमधल्या छपऱ्याजवळ धर्मसती गंडामन गाव, शाळेतलं जेवण जेवून २३ मुलं दगावली. जेवणात मोनोक्रोटोफॉस निघालं, पिकावर फवारायचं कीटकनाशक. मुख्याध्यापिकेला नंतर शिक्षा झाली. आपल्याकडे आता चव घेऊन चव नोंदवहीत सही करायची पद्धत आहे. मी बचत गटातर्फे तीन वर्षं खिचडी शिजवली, म्हणून माहीत आहे. आमच्या शाळेत त्या वहीत महिनाअखेरीला तीस सह्या एका बैठकीत व्हायच्या, सगळ्या एकाच पेनाने. पण एक बाई होत्या, त्या मात्र रोज पहिला घास स्वतः खायच्या, वही असो नसो. पोरांना त्याचंच अप्रूप. बाई गिळेपर्यंत कुणी ताटाला हात लावायचं नाही.

वह्या वाढवून काही होणार असेल तर त्या वहीमागे अशी बाई हवी. नाहीतर ताई, तुमच्या "सुटतानाच्या मोजणी"चीही उद्या एक नोंदवही निघेल आणि महिनाअखेरीला भरली जाईल.

---

वकिलीणबाई | गुरुवार, रात्री ९.२५

अंगतपंगत, म्हणूनच मोजणी शिक्षकाने एकट्याने करायची नाही. आणि त्या खोलीचा मुद्दा अर्जात पहिल्या क्रमांकावर घ्या. सुरक्षित इमारत हा कायद्याच्या परिशिष्टातला निकष आहे, इथे कुणाला "देवाची कृपा" म्हणता येणार नाही. फोटो जोडा, तारखेसह.

---

सायीचंदही | रविवार, दुपारी १२.२०

काय झालं ते सांगते.

शुक्रवारी तालुक्याला जाऊन अर्ज दिला. बाबू आधी म्हणाला साहेब नाहीत, ठेवून जा. म्हटलं शिक्का मारा, मग ठेवते. अर्धा तास बसवलं. मी पण डबा सोडून खात बसले तिथंच. मारला शिक्का.

शनिवारी समितीची वही मागितली. सरांनी दिली, खोटं नाही बोलणार. बारा महिन्यांच्या बारा बैठका, सगळ्या व्यवस्थित. सदस्यांत सातवं नाव माझ्या जाऊबाईंचं! घरी येऊन विचारलं तर ती म्हणते, "अगं, ते पोरगं वही घेऊन यायचं, सही करा म्हणायचं. मला वाटलं गणवेशाचं असेल." बारा सह्या केल्यात तिनं. चुलीपाशी बसून.

सखी सावित्री समितीचा फलक आहे. कपाटाच्या मागं.

संध्याकाळी बैठक लावली, खरीखुरी. चौदा जण आले. सरपंच आले ते आधीच तावात, शाळा बदनाम झाली वगैरे. तेव्हा जाऊबाई, जी कधी चारचौघांत बोलत नाही, ती म्हणाली, "भाऊ, बारा सह्या माझ्या आहेत. उद्या काही झालं असतं तर त्या खोलीला मीच हो म्हटलेली निघाले असते ना?" त्यावर कुणी बोललं नाही. सर मान खाली घालून बसले होते. मग म्हणाले, "त्या दिवशी मी आत बघितलं नाही. बघायला पाहिजे होतं." एवढंच. मला रडू आलं, का ते माहीत नाही.

ठरलं ते असं. तांदळाची पोती सोमवारी ग्रामपंचायतीच्या खोलीत. उंदरांचं ग्रामपंचायत बघेल. कोपऱ्यातल्या खोलीला पत्रा ठोकून दार कायमचं बंद. पाडण्याचा विषय ग्रामसभेत, आणि जिल्हा परिषदेला आठवणपत्र समितीच्या नावानं. सुटताना पोरं फाटकाशी रांगेत, चौथीतलं एक पोर मोजणार, सर आकडा लिहिणार, आणि वस्तीच्या घोळक्यातलं थोरलं पोर "आमची सात" असं म्हणून सही करणार. दुसरी किल्ली शाळेला लागून घर असलेल्या आजीकडं.

---

जुनाकाटकोन | रविवार, दुपारी २.००

पत्रा ठोकताना छताखाली कुणाला उभं करू नका, बाहेरूनच ठोका. आणि आठवणपत्रात मूळ प्रस्तावाचा जावक क्रमांक घाला. नसेल तर शाळेच्या जावक रजिस्टरात सापडेल. क्रमांक नसलेलं आठवणपत्र आम्ही बाजूला ठेवायचो.

---

खडूफळा | रविवार, रात्री ८.४५

तुमच्या सरांना माझा नमस्कार सांगा. चौदा माणसांसमोर ते वाक्य बोलणं सोपं नव्हतं. मोजणीच्या वहीत रकाने कसे पाडलेत, तेवढं लिहाल का? उद्यापासून आमच्याकडे सुरू करतो.

---

सायीचंदही | बुधवार, रात्री ९.१०

रकाने चारच आहेत. तारीख, सकाळी आली किती, मधे घरी गेली किती आणि कुणाबरोबर, सुटताना किती. शेवटी दोन सह्या.

मधला रकाना काल वाढवला. काल सकाळी ३० आली होती आणि फाटकाशी २९ भरली. सरांनी दोनदा मोजलं. फाटक लावून पोरं तशीच बसवून ठेवली, सगळ्या खोल्या, संडास, टाकीमागं बघितलं, मग गाडीला किक मारून वस्तीवर. पहिलीतल्या एका पोराला त्याचे आजोबा दुपारीच जत्रेला घेऊन गेले होते, कुणाला न सांगता. वीस मिनिटं गेली. बाकीची पोरं उशीर झाला म्हणून कुरकुरत होती. माझी मात्र फाटकाला धरून उभी होती, म्हणे, "मोजून झाल्याशिवाय जायचं नाही."

गटशिक्षणाधिकाऱ्यांकडनं अजून काही आलेलं नाही. आलं की लिहिते.